तालमीत शेतकऱ्याची खुर्ची कुठे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण. गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून छापले आहे.)



माझ्या आधी बोलणारे कापसाच्या भावावर बोलले, ज्वारीच्या खरेदीवर बोलले, वीजबिलावर बोलले. मला दिलेला विषय तुम्हाला जरा शहरी वाटेल. जगातल्या काही विद्यापीठांत एक वेगळ्या तऱ्हेची प्रयोगशाळा असते. तिथे काचेच्या नळ्या नसतात, मातीचे नमुने नसतात. तिथे संकट तयार करतात. खोटे संकट. कागदावरचा पूर, कागदावरची आग, कागदावरचा दुष्काळ. आणि त्या खोट्या संकटात खऱ्या माणसांना बसवून बघतात की ती निर्णय कसे घेतात, कुठे चुकतात, चुकल्यावर काय करतात. संकटाची तालीमच म्हणा ना.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे खरा दुष्काळ दाराशी उभा असतो, आम्हाला खोटा कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. पण आधी माझीच एक गोष्ट सांगतो.

मी शेतीचा पदवीधर. नोकरीत होतो तेव्हा एकदा मला एका प्रशिक्षणाला पाठवले. विषय होता दुष्काळ निवारण. मोठा हॉल, टेबले मांडलेली, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. एकाला जिल्हाधिकारी केले, एकाला तहसीलदार, एकाला पाणीपुरवठ्याचा अभियंता, एकाला पशुसंवर्धन अधिकारी. एकाला पत्रकारसुद्धा केले. शेवटची उरलेली चिठ्ठी माझ्या वाट्याला आली. वर लिहिले होते, 'शेतकरी', आणि खाली तीन शब्द, 'मदतीची मागणी करतो'.

साडेअकराला टंचाई जाहीर झाली. बाराला टँकर सुटले. सव्वाबाराला चारा छावण्या उघडल्या. एकला जेवण झाले आणि जेवणानंतर दुष्काळ संपला. मी तीनदा मदत मागितली आणि तीनदा मिळाली. शेवटी अहवाल वाचला गेला की प्रतिसाद समाधानकारक होता. पेरणी कधी केलीस, बियाण्याची बॅग कोणाच्या उधारीवर आणलीस, बैल ठेवलेस का विकलेस, हे मला कोणी विचारले नाही. आणि मीही सांगितले नाही, कारण चिठ्ठीत तेवढेच लिहिले होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस मी, पण त्या दिवशी मी तीन शब्दांचा शेतकरी झालो आणि गप्प बसलो. ती लाज अजून गेलेली नाही.

तालीम कशासाठी असते?

तालमीची कल्पना वाईट नाही. ती कशी आली ते बघा. विमान चालवायला शिकणारा पोरगा पहिल्याच चुकीला मरतो. दुसऱ्यांदा शिकायला तो उरत नाही. म्हणून १९२९ साली एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने जमिनीवरच हलणारे, डोलणारे खोटे विमान बनवले. त्याच्या घरचा कारखाना बाजाच्या पेट्यांचा. भात्यातल्या हवेची विद्या त्याने विमानाला लावली. लष्कराने आधी लक्ष दिले नाही. १९३४ साली लष्करी वैमानिकांना टपालाची विमाने उडवायला लावली, खराब हवेत एकामागून एक वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. माणसे मेल्यावर शहाणपण घ्यायचे, ही रीत फक्त आपल्याकडची नाही.

विमानाची तालीम एका माणसाची. जिल्ह्यावर संकट येते तेव्हा एका माणसाचे काम नसते. फोन कोण उचलतो, निरोप कोणाकडे जातो, हुकूम कोण देतो, आणि हुकूम निघेपर्यंत गावात काय होऊन गेलेले असते, हे सगळे बघावे लागते. १९६३ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र सुरू झाले. तिथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पोलिसांची दळणवळणाची खोली जशीच्या तशी उभी केली आणि त्या खोलीत विद्यार्थी नव्हे, तर रोज तेच काम करणारे खरे पोलीस बसवले. आधी रोजच्यासारखे फोन येऊ दिले. मग फोनांचा मारा वाढवला. काम अंगावर आले की माणसे आधी काय हातात घेतात, काय बाजूला टाकतात, एकमेकांशी बोलणे कसे बदलते, हे टिपून ठेवले. थॉमस ड्रॅबेक यांनी हे काम १९६९ साली पुस्तकरूपाने मांडले. हे केंद्र १९८५ साली डेलावेअर विद्यापीठात गेले आणि आजही तिथे आहे.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यांनी पोलिसाच्या जागी पोलीसच बसवला. माझ्या प्रशिक्षणात शेतकऱ्याच्या जागी पगारदार बसवला होता, तोही चिठ्ठी देऊन.

विहिरी खोदणाऱ्यांची गोष्ट

आता दुसरा प्रयोग ऐका. हा ऐकताना तुम्हाला आपलाच तालुका आठवेल.

जर्मनीत डीट्रिश डोर्नर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी संगणकावर आफ्रिकेतला एक खोटा कोरडवाहू प्रदेश उभा केला. त्याला नाव दिले टानालँड. तिथे शेती, गुरे, पाणी, रोगराई, माणसे, सगळे एकमेकांत गुंतलेले. शिकल्यासवरलेल्या माणसांना एकेक करून बसवले आणि सांगितले, हा मुलूख तुमच्या हाती, हवा तो हुकूम द्या, लोकांचे भले करा. बहुतेकांनी मनापासून भले करायला घेतले. दवाखाने काढले, खते दिली, पाण्याची सोय केली. पहिली काही वर्षे सगळे वर चढत गेले. पीक वाढले, माणसे वाढली, खेळणारा खूश. आणि मग त्याच मुलखात उपासमार आली, कारण खाणारी तोंडे वाढत राहिली आणि जमिनीचे देणे एका जागी येऊन थांबले.

पुढे त्यांच्या माणसांनी असाच दुसरा खेळ केला. त्यात गुरे राखणारी एक जमात होती. खेळणाऱ्यांनी गुरांसाठी खोल विहिरी खोदल्या, गुरांना रोग देणारी माशी मारली. गुरे वाढली. वाढलेल्या गुरांनी गवत खाऊन संपवले, विहिरींनी जमिनीखालचे पाणी संपवले. प्रत्येक पाऊल वेगळे काढून पाहिले तर शहाणपणाचे. पावले एकत्र केली की मुलूख बसला.

भावांनो, हा खेळ आपण प्रयोगशाळेत नाही, शिवारात खेळलो आहोत. एका वर्षी आड आटला म्हणून बोअर घेतले. शेजाऱ्याने घेतले म्हणून त्याच्या खाली आपण गेलो. आपली जमीन काळ्या पाषाणाची. खडकाच्या भेगांत पाणी मावते किती? पाणी लागले म्हणून ऊस लावला, ऊस आला म्हणून कारखान्याचे शेअर घेतले, आणि ज्या वर्षी पाऊस गेला त्या वर्षी बोअरही गेले, ऊसही गेला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले. या गोष्टीत कोणी एक खलनायक नाही. ज्याने बोअर घेतले त्याच्यापुढे त्या दिवशी दुसरा रस्ता नव्हता, कारण कोरडवाहू ज्वारी आणि कापसाचा भाव त्याला जगू देत नव्हता. डोर्नरांच्या खेळणाऱ्याने चूक केली तर संगणक बंद करून तो घरी गेला. आपल्या चुकीचे कर्ज सातबाऱ्यावर चढते.

याच डोर्नरांनी ४८ जणांना एका खोट्या गावाचा नगराध्यक्ष करून दहा वर्षांचा कारभार बघितला. चांगला कारभार कोणी केला? परीक्षेत हुशार ठरलेलेच वरचढ निघाले असे नाही. ज्यांनी 'असे का झाले?' हा प्रश्न जास्त वेळा विचारला, ज्यांनी आपला अंदाज खरा का खोटा हे पडताळून पाहिले, जे एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले नाहीत, ते टिकले. हे शिकायला संगणक लागत नाही. पण सवय लागते, आणि सवय तालमीनेच लागते.

बरोबर निघालेली तालीम, वाया गेलेली तालीम

तिसरे उदाहरण देतो आणि मग आपल्या जिल्ह्यात येतो. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स नावाचे समुद्राकाठचे शहर आहे, बरेचसे पाण्याच्या पातळीखाली वसलेले. जुलै २००४ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी पॅम नावाच्या खोट्या वादळाची तालीम केली. पाणी कुठे किती चढेल याचे गणित लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संगणकांनी करून दिले. तालमीत स्पष्ट दिसले की शहर बुडेल, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही अशी लाखभर गरीब माणसे मागे अडकतील. पुढे काय करायचे याचा आराखडा पुरा व्हायचा होता. तो पैशावाचून रेंगाळला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नावाचे खरे वादळ आले. शहर बुडाले, आणि गाडी नसलेली माणसे मागे अडकली. हजाराहून जास्त माणसे मेली.

म्हणजे तालीम झाली, उत्तर बरोबर आले, आणि तरीही माणसे मेली. तालमीत दिसलेले भोक कोणी, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशातून बुजवायचे हे ठरले नाही, तर तालीम म्हणजे नुसता तमाशा.

किल्लारीपासून आजपर्यंत

आता आपल्याकडे या. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. औसा तालुक्यात किल्लारी, आपल्याकडे उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यात सास्तूर आणि आजूबाजूची गावे. सरकारी आकड्याने ७,९०० च्या वर माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, त्याने माणसे मारली. आणि हे अगदी न सांगता आले असेही नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीत धक्के बसले होते. लोक घाबरले होते. पण धक्का बसला तर काय करायचे याची तालीम कोणी घेतली नव्हती, भिंतीला काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर जागतिक बँकेचे कर्ज आले, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, राज्याचा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार झाला, जिल्ह्यांत नियंत्रण कक्ष आले, पुण्याच्या यशदा संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र निघाले. २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष, शिवाय पोलीस अधीक्षक, आरोग्याचे प्रमुख अधिकारी असे सभासद. म्हणजे महाराष्ट्रात संकटाची जी काही व्यवस्था उभी राहिली तिच्या पायात आपल्या भागातली माणसे गाडलेली आहेत. ती व्यवस्था कशी चालते हे विचारण्याचा हक्क आपल्यापेक्षा जास्त कोणाचा?

मग विचारतो. शाळेत भूकंपाची तालीम होते, पोरे बाकाखाली बसतात. कारखान्यात आगीची होते. नदीकाठी बोटींची होते. ती व्हावीच. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पाण्याने वेढलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले, तेव्हा तिची किंमत कळली. पण कोरडवाहू शेतकऱ्याला जे संकट सर्वांत जास्त वेळा गाठते, त्याची तालीम का होत नाही? पावसाने दिलेली उघडीप. दुबार पेरणी. बोंडअळी. कडब्याचा तुटवडा. कारण ही संकटे भोंगा वाजवून येत नाहीत. रोज थोडी थोडी येतात. ती कोणत्या तारखेला संकट झाली हे ठरवणे ज्याच्या हाती, त्याला घाई नसते.

२०२३ साल आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आपली पिके ऑगस्टात करपली. सरकारने दुष्काळ जाहीर केला ३१ ऑक्टोबरला, राज्यातल्या ४० तालुक्यांत. आपल्या जिल्ह्यातले त्यात तीन, वाशी, धाराशिव आणि लोहारा. बाकीच्या तालुक्यांत ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात महसूल मंडळे पकडून 'दुष्काळसदृश' हा शब्द दिला. मी असे म्हणत नाही की कोणी मुद्दाम उशीर केला. पद्धतच तशी आहे. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरात, अंतिम डिसेंबरात. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट, पाण्याचे साठे, जमिनीतली ओल, उपग्रहाचे चित्र, अशी निकषांची शिडी आहे. शिडी चढता चढता हंगाम उतरून जातो. आणि दुसरीकडे आपल्यासाठी घड्याळ केवढे? २०१६ साली आलेल्या पीकविम्यात नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवण्याची अट घातली गेली. शेतकऱ्याला तीन दिवस आणि सरकारला तीन महिने! तालीम घेतली असती तर हा विसंवाद पहिल्याच दिवशी टेबलावर आला असता, अट कागदावर चढायच्या आधी. पण त्यासाठी तालमीत शेतकरी बसलेला हवा.

"आम्हाला अनुभव आहे की"

गेल्या महिन्यात एका बैठकीत एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, बहात्तरचा दुष्काळ खडी फोडून काढला मी. मला काय तालीम शिकवता?" मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला शिकवत नाही. तुम्ही काय शिकलात ते नातवाला कुठे लिहून दिलंत?" ते हसले, म्हणाले, "विचारलं कोणी?"

हीच अडचण आहे. अनुभव आपल्याकडे रांजणभर आहे, पण तो ज्याच्या त्याच्या घरात आहे. बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. तो अनुभव सरकारी कागदावर चढला, आणि त्यावर पुढे देशाची योजना झाली. पण कोणत्या नक्षत्रात किती पावसावर तिफण धरली आणि किती दिवसांनी पस्तावलो, बैल कधी विकायला हवे होते आणि कधी विकले, हा हिशेब कोणी एकत्र बसून केला नाही. बावीस दुष्काळ पाहिलेला माणूसही प्रत्येक वेळी एकट्याने ठरवतो, दुकानदाराच्या गल्ल्यापुढे उभा राहून ठरवतो, आणि शेजारी पेरतोय हे बघून ठरवतो. तालीम म्हणजे ते एकट्याचे ठरवणे आधीच, शांतपणे, चारचौघांत करून बघणे. तिथे चूक झाली तर बियाण्याची बॅग जात नाही.

गावात तालीम कशी घ्यायची?

यासाठी इमारत लागत नाही. वैशाखात एक संध्याकाळ, देवळातली सतरंजी, दोन तास वेळ आणि एक वाटी चिंचोके. सांगतो तसे करा.

आधी माणसे नेमा. तीन शेतकरी ठेवा, एक पाच एकर कोरडवाहू कापूस-ज्वारीचा, एक दोन एकरांचा, एक बोअरवाला. एक मजुरीवर जाणारी बाई. एक कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. एक सोसायटीचा गटसचिव. एक तलाठी, एक कृषी सहायक, एक तहसीलदार. खरे तलाठी बैठकीला आले तर त्यांना मानाने बसवा आणि दोन एकरांचा शेतकरी करा. आणि दोन एकरवाल्या भावाला तहसीलदार करा. दोघांनाही पुष्कळ कळेल. बाईचे काम बाईलाच करू द्या.

चिंचोके म्हणजे पैसे. प्रत्येकाला त्याच्या ऐपतीने द्या. बियाण्याला इतके, खताला इतके, घरखर्चाला महिन्याला इतके. उधारी हवी तर दुकानदाराकडे, व्याज तो सांगेल.

मग चिठ्ठ्या. एक जण त्या आधी लिहून ठेवेल आणि एकेक काढून वाचेल. पहिली चिठ्ठी, 'मृगात तीन दिवसांत ३५ मिलिमीटर पाऊस. दुकानदार म्हणतो हव्या त्या वाणाच्या बॅगा दोन दिवसांत संपतील. शेजारच्या गावात तिफणी निघाल्या.' आता ठरवा, पेरायचे का थांबायचे? शिफारस ७५ ते १०० मिलिमीटरची आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी चिंचोके टाकायची वेळ आली की बघा कोण थांबतो.

दुसरी चिठ्ठी, 'आर्द्रा कोरडी गेली. बावीस दिवस उघडीप. उगवलेले माना टाकतेय.' दुबार पेरणी कोण करतो, कशाच्या जोरावर? तारीख जुलैच्या मध्यावर आली तर परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला आहे की आता कापूस, खरीप ज्वारी, मूग, उडीद यांच्या नादी लागू नये. बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी बघावी. पण ते बियाणे त्या दिवशी दुकानात आहे का? दुकानदाराचे काम करणाऱ्याने खरे उत्तर द्यायचे.

तिसरी चिठ्ठी, 'मंडळाच्या गावी पर्जन्यमापकात ७० मिलिमीटर. आपल्या शिवारात थेंब नाही.' चौथी याच्या उलट, 'आपल्या शिवारात रात्री ढग फुटला, बांध वाहून गेले. मंडळाच्या गावी मोजला गेला ४० मिलिमीटर.' अतिवृष्टी धरण्यासाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर लागतात. आता तलाठी काय लिहितो, तहसीलदार काय म्हणतो, आणि निरोप कोणामार्फत किती वेळाने पोहोचतो, ते चालवून बघा. पाचवी चिठ्ठी बोंडअळीची. २०१७ साली बोंडअळीने कापूस कसा खाल्ला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे कशी गेली, हे विसरू नका. सहावी कडब्याची. सातवी बाजाराची.

एका कोपऱ्यात दहावी-बारावीची दोन पोरे वही घेऊन बसवा. खेळात बोलायचे नाही, फक्त लिहायचे. कोणत्या चिठ्ठीला कोणी काय ठरवले, कोणाला सांगितले, कोणाला सांगायचे राहिले.

आणि शेवटचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा. चिंचोके मोजा, मग वही वाचा आणि चारच प्रश्न विचारा. त्या वेळी आपल्याला काय माहीत होते? काय माहीत असायला हवे होते? निरोप कुठे अडकला? आणि कोण मोजणीतून सुटले? दोष काढायचा नाही, भांडण करायचे नाही. जिथे जिथे हे काम नीट होते तिथे शिकणे होते ते खेळात नाही, या शेवटच्या बोलण्यात होते. मी पाहिलेल्या गावांत एक गोष्ट दर वेळी वर आली. मजुरीवाल्या बाईचे चिंचोके दुसऱ्या चिठ्ठीलाच संपतात आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. आपणही शेवटी आपल्यातल्या कोणाला तरी तीन शब्दांची चिठ्ठी देतोच.

या तालमीतून ज्या गोष्टी निघतील त्यातल्या काही आपल्याच हातातल्या असतील. उदाहरणार्थ पाऊस मोजणे. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या शेतात ठेवा, सकाळी साडेआठला पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. गावात असे पाच डबे आणि एक वही असली तर मंडळाच्या आकड्यापुढे आपला आकडा ठेवता येतो. सरकार तो लगेच मानणार नाही. पण ओरड वेगळी आणि नोंद वेगळी.

आपले मागणे

उरलेल्या गोष्टी आपल्या हातातल्या नसतील. त्यासाठी या मेळाव्यापुढे तीन मागण्या ठेवतो.

पहिली. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दर वर्षी मे महिन्यात उघडीप आणि दुष्काळ यांची तालीम घ्यावी, पुराची घेतात तशी. तिच्यात प्रत्येक तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी, त्यात बायका आणि मजूरही, खुर्चीवर बसलेले असावेत, दाराशी उभे नव्हे. आणि चिठ्ठ्या लिहिताना त्यांना विचारलेले असावे. कारण ज्याच्या हातात चिठ्ठी लिहिणे असते तोच दुष्काळ किती वाजता संपवायचा हे ठरवतो.

दुसरी. विद्यापीठांनी हे काम अंगावर घ्यावे. परभणीचे कृषी विद्यापीठ आपले आहे, त्याचे कृषी महाविद्यालय धाराशिवला आहे. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवारही आहे. त्याच संस्थेचे आपत्तीच्या अभ्यासाचे काम मुंबईत चालते. शेतीचे जाणणारे आणि समाजाचे जाणणारे एकाच जिल्ह्यात बसले आहेत. दोघांनी मिळून कोरडवाहू संकटाची तालीमशाळा इथे काढावी. परदेशातल्या प्रयोगशाळेची नक्कल नको. काचेच्या भिंती आणि पडदे नसले तरी चालतील. आपल्या नक्षत्रांची, आपल्या मंडळांची, आपल्या उधारीची तालीम हवी. संशोधन करणाऱ्यांना तिथे अभ्यास मिळेल, नव्या तलाठ्याला आणि तहसीलदाराला शिक्षण मिळेल, आणि आपल्याला निदान एकदा तरी आपला हंगाम आधी बघायला मिळेल.

तिसरी. तालमीत दिसलेले प्रत्येक भोक लिहून काढावे, पुढे खात्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि तो कागद ग्रामसभेत लावावा. न्यू ऑर्लीन्सला जे राहिले ते इथे राहू नये.

आणि भावांनो, एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की संघटनेचा माणूस भावाची लढाई सोडून खेळ शिकवायला लागला. तालमीने पाऊस पडत नाही. तालमीने कापसाला भाव येत नाही. ज्याच्या हाती चार चिंचोके जास्त आहेत तो पहिल्या पावसाला थांबू शकतो, ज्याच्या हाती नाहीत तो थांबू शकत नाही, हे तर तालमीतच उघडे पडते. म्हणूनच ती मला हवी आहे. शेतकरी अडाणी आहे म्हणून चुकतो, असे जे बोलले जाते त्याला उत्तर देण्यासाठी हवी आहे. ज्याला शंका असेल त्याने या सतरंजीवर बसावे, दोन एकरांची चिठ्ठी घ्यावी आणि त्या चिंचोक्यांत हंगाम काढून दाखवावा.

माझी ती जुनी चिठ्ठी मी जपून ठेवली नाही, पण तिच्यातले शब्द मला पाठ आहेत. यंदा वैशाखात प्रत्येक शाखेने आपल्या गावात एक तालीम घ्यावी, वही लिहावी आणि ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. सगळ्या वह्या एकत्र बांधून आपण जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ. मदत मागायला नाही, खुर्ची मागायला.

हा ठराव मंजूर असेल तर हात वर करा.